मेहनत आणि आराम : फुटबॉलपटूच्या घडणीचे शास्त्र

कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे प्रथमच ऐकणाऱ्याला ती कुस्तीच्या आखाड्यांची वाटावीत, यात नवल नाही. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे तालमींचीच आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ज्या नगरीत मल्लविद्या बहरली, त्याच नगरीतील पेठापेठांच्या तालमींनी पुढे फुटबॉलचा ध्यास घेतला. आज शाहू स्टेडियमवर दोन तुल्यबळ तालमींचा सामना असला म्हणजे प्रेक्षागारात पाऊल ठेवण्यास जागा राहत नाही.

जुन्या तालमीच्या दिनक्रमाचे तीन भाग असत : मेहनत, खुराक आणि आराम. पहाटे जोर, बैठका आणि लढती. त्यानंतर दूध, तूप, बदाम यांचा खुराक. अंगाला मालीश आणि दुपारी गाढ झोप. वस्तादाच्या लेखी हे तिन्ही भाग सारख्याच तोलाचे होते. मात्र तालमीचे नाव घेऊन फुटबॉल मैदानात उतरला तेव्हा त्याने मेहनत बरोबर आणली आणि आराम मागे ठेवला, असे म्हणावेसे वाटते. केवळ कोल्हापुरातच नव्हे, तर मुंबई, पुणे, नागपूर येथील शालेय व क्लब संघांतही ‘जितका घाम अधिक, तितका खेळाडू तयार’ हा समज आजही दृढ आहे. सोळा वर्षांचा एखादा गुणी मुलगा शाळेचा संघ, पेठेचा संघ आणि जिल्ह्याचा संघ अशा तिन्हींकडून खेळतो, आठवड्याला तीन-तीन सामने पार पाडतो आणि विसाव्या वर्षी गुडघा धरून बसतो. त्याच्याविषयी ‘नशीब आडवे आले’ असे म्हटले जाते. क्रीडावैद्यकाचा गेल्या पन्नास वर्षांतील अभ्यास मात्र सांगतो की, यात नशिबाचा भाग थोडा आणि हिशेब चुकल्याचा भाग मोठा असतो.

नव्वद मिनिटांची मागणी

हा हिशेब समजून घ्यावयाचा, तर एक सामना शरीराकडून काय मागतो हे प्रथम पाहिले पाहिजे. वरच्या दर्जाच्या सामन्यात गोलरक्षक वगळता प्रत्येक खेळाडू सुमारे दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो. मधल्या फळीतील खेळाडूंचे अंतर सर्वांत अधिक, तर बचावाच्या मध्यभागी खेळणाऱ्यांचे काहीसे कमी भरते. हे अंतर एका लयीत धावून पूर्ण होत नाही. दर चार-सहा सेकंदांना हालचाल बदलते. चालणे, संथ धावणे, एकदम वेग घेणे, थांबणे, वळणे, उडी मारणे असा हा अखंड क्रम असतो. यात पूर्ण वेगाच्या धावा थोड्याच आणि तोकड्या असतात. परंतु सामन्याचा निकाल बहुधा त्यांच्यावरच ठरतो. नवल म्हणजे, या नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम एक-दोन मिनिटेच असतो. उरलेला सारा वेळ त्याला चेंडूवाचून खेळावयाचे असते.

एवढा वेळ हृदय आपल्या कमाल गतीच्या सरासरी ऐंशी-पंच्याऐंशी टक्के वेगाने धडधडत असते. या धावपळीचे मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजेच अन्नातील पिष्टमय पदार्थांपासून शरीराने तयार केलेली साखरेची गंगाजळी. स्वीडनमधील शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण या दृष्टीने बोलके आहे. ज्या खेळाडूंच्या स्नायूंत सामन्यापूर्वीच हा साठा निम्म्यावर आलेला होता, त्यांची गंगाजळी मध्यंतरालाच जवळजवळ संपली. त्यांनी एकूण अंतर तर कमी कापलेच, शिवाय त्यातील जवळजवळ निम्मे अंतर ते चालत होते. भरल्या साठ्यानिशी उतरलेल्या खेळाडूंच्या बाबतीत हे प्रमाण पाव भागाच्या आसपास होते. उत्तरार्धात पाय ओढणाऱ्या खेळाडूला प्रेक्षक ‘जिगर नाही’ म्हणून दूषण देतात. पुष्कळदा उणीव जिगरीची नसते, आदल्या दोन दिवसांतील जेवणाची आणि विश्रांतीची असते.

सामन्यात रिता झालेला हा साठा पुन्हा पूर्ण भरण्यास अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास लागतात. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा भरून येण्यासही जवळपास तितकाच, कधी त्याहून अधिक काळ लागतो. सरावाचे सारे शास्त्र या एका वस्तुस्थितीभोवती फिरते. श्रमाने शरीराची शक्ती तात्पुरती घटते. पुढील विश्रांतीच्या काळात शरीर झीज भरून काढते आणि पुढच्या वेळी असेच ओझे पेलता यावे म्हणून मूळच्यापेक्षा थोडी अधिक तयारी करून ठेवते. म्हणजे मैदानावर खेळाडू थकतो, घडतो तो मैदानाबाहेर. झीज भरून येण्यापूर्वीच नवे ओझे चढवीत गेले, तर प्रगतीची शिडी उतरणीला लागते.

सरावाच्या पद्धती

दमसास वाढविण्यासाठी मैदानाला वीस फेऱ्या मारावयाच्या, ही आपल्याकडील सर्वपरिचित पद्धत आहे. तिचा उपयोग नाही असे नव्हे. परंतु फुटबॉलच्या तुटक, झटक्याझटक्याच्या धावण्याशी तिचे नाते दूरचे आहे. नॉर्वेतील संशोधक यान हेल्गेरुड, यान हॉफ व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अठरा वर्षांच्या आसपासच्या खेळाडूंना आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे एक साधा व्यायाम दिला. चार मिनिटे हृदयाच्या कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्क्यांपर्यंत नेणारे जोरकस धावणे, मग तीन मिनिटे संथ धावणे, आणि असे चार वेळा. नेहमीच्या सरावाला एवढीच जोड होती. आठ आठवड्यांनंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. सामन्यातील अंतर २० टक्क्यांनी वाढले, वेगवान धावांची संख्या दुप्पट झाली आणि चेंडूशी येणारा संबंधही जवळजवळ चौथ्या हिश्श्याने वाढला. अर्ध्या तासाचे काम आणि तेही आठवड्यातून दोनदाच, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

हाच परिणाम चेंडू न सोडताही साधता येतो. लहान मैदान आखून तिघांविरुद्ध तीन किंवा चौघांविरुद्ध चार असे चार-चार मिनिटांचे डाव खेळविले, तर हृदयावरील भार जवळपास तितकाच पडतो. शिवाय चेंडू हाताळण्याचे, जागा शोधण्याचे आणि धाप लागलेली असताना निर्णय घेण्याचे शिक्षण त्याच वेळी मिळते. मोकळ्या मैदानाची वानवा असलेल्या मुंबईसारख्या शहरात हा प्रकार विशेष सोयीचा आहे. पेठेतील बोळात आणि चाळीच्या अंगणात मुले वर्षानुवर्षे हेच करीत आली आहेत. शास्त्राने त्याला फक्त घड्याळ लावून दिले.

बळाच्या व्यायामाविषयी आपल्याकडे अजून थोडा संकोच आढळतो. वजने उचलल्याने खेळाडू जड होतो, त्याची चपळाई जाते, असा हा समज आहे. प्रत्यक्षात पायांचे बळ वाढले की पहिल्या दहा मीटरचा वेग आणि उडीची उंची दोन्ही वाढतात, असे अभ्यास सांगतात. तालमीच्या बैठका येथे पुन्हा कामी येतात. दुखापत टाळण्याच्या दृष्टीने तर एक व्यायाम प्रत्येक संघाने उचलावा असा आहे. खेळाडूने गुडघ्यांवर ताठ उभे राहावे, सोबत्याने मागून त्याचे घोटे घट्ट दाबून धरावेत आणि खेळाडूने कंबर न वाकवता, मांडीच्या मागच्या स्नायूंनी आपला तोल सावरत, जमेल तितके सावकाश पुढे झुकत जावे. शेवटी हातांवर पडावे आणि पुन्हा उठावे. मांडीच्या याच स्नायूला लागणारी लचक फुटबॉलमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या दुखापतींपैकी एक आहे. डेन्मार्कमधील ५० संघांच्या ९४२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा व्यायाम करणाऱ्या गटात अशा १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या गटात ५२. या व्यायामाला लागणारे साहित्य म्हणजे एक सोबती आणि गुडघ्याखाली घालावयास एक जुनी सतरंजी.

सरावापूर्वी अंग तापविण्याची पद्धतही बदलली आहे. एका जागी उभे राहून स्नायू दीर्घकाळ ताणून धरल्याने वेग आणि उडी यांत काही काळ घट येते, हे आता मान्य झाले आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, वैद्यकीय संशोधन केंद्राने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार केला. त्यात पंधरा व्यायाम आहेत. आरंभी आठ मिनिटे हलके धावणे आणि हालचाली, मध्ये दहा मिनिटे बळ, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे व वळणे. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींमध्ये या कार्यक्रमाची परीक्षा झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखापतग्रस्त खेळाडूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापतींचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. मात्र हा कार्यक्रम आठवड्यातून किमान दोनदा आणि नेटाने झाला, तरच गुण येतो. उडीनंतर गुडघे आत वळू न देता मऊ पावलांनी खाली उतरणे हे त्यातील मर्म आहे. ते शिकविण्यास मार्गदर्शकाची नजर लागते, यंत्र लागत नाही.

मध्यंतराची एक बाब येथेच नमूद करावयास हवी. पंधरा मिनिटे स्वस्थ बसल्याने स्नायूंचे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरते आणि उत्तरार्धाच्या आरंभी वेग मंदावतो. विश्रांतीच्या शेवटी सहा-सात मिनिटे हलके धावून घेतलेल्या खेळाडूंत ही घट आढळली नाही. संत्र्याच्या फोडी चोखत व्यवस्थापकांचे भाषण ऐकण्यात आपले मध्यंतर संपते, त्यातील थोडा वेळ या कामी द्यावा.

दोन सामन्यांमधील अंतर

आता सर्वांत कळीचा प्रश्न. आठवड्याला एक सामना आणि दोन सामने यांत नेमका फरक किती? युरोपातील चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणाऱ्या एका संघाच्या ३२ खेळाडूंचा दोन हंगाम अभ्यास करून २०१० मध्ये ग्रेगरी द्युपाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. आठवड्याला एक सामना खेळताना दर हजार तासांमागे ४.१ दुखापती होत होत्या. दोन सामने खेळताना हे प्रमाण २५.६ झाले, म्हणजे सहापट. आणि याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. सामन्यात कापलेले अंतर आणि वेगवान धावा यांत मात्र फरक दिसला नाही. खेळाडू पूर्वीइतकाच पळत होता. त्याच्या पळण्याकडे पाहून कोणालाही धोका ओळखता आला नसता. ‘पोरगा तर मस्त खेळतोय, त्याला बाहेर का बसवायचे?’ हा प्रश्न संघटकांनी विचारणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि हे आकडे ज्यांच्या दिमतीला वैद्य, आहारतज्ज्ञ आणि हिरवळीची मैदाने होती, त्या व्यावसायिकांचे आहेत. एप्रिल महिन्यात दगडासारख्या कठीण झालेल्या मैदानावर खेळणाऱ्या आपल्या मुलांची गत यापेक्षा बरी असेल, असे मानण्यास आधार नाही.

यावर उपाय म्हणून आठवड्याची आखणी करण्याची प्रथा रूढ झाली. या विचाराचा आरंभीचा एक मोठा प्रयोग १९७० च्या दशकात युक्रेनमधील कीव्ह येथे झाला. डायनॅमो कीव्हचे प्रशिक्षक व्हॅलेरी लोबानोव्स्की यांनी अनातोली झेलेंत्सोव्ह या शास्त्रज्ञाला बरोबर घेऊन खेळाडूंच्या श्रमांचे मोजमाप सुरू केले. त्यांच्या संघाने १९७५ आणि १९८६ मध्ये युरोपियन करंडकविजेत्यांचा करंडक जिंकला. आजची सर्वसाधारण आखणी अशी असते. रविवारी सामना झाला, तर सोमवारी हलके धावणे किंवा सायकल. मंगळवारी पूर्ण सुट्टी. बुधवारी बळाचे व्यायाम आणि छोटे डाव. गुरुवारी आठवड्यातील सर्वांत लांब आणि श्रमाचा सराव. शुक्रवारी थोड्या पण पूर्ण वेगाच्या धावा. शनिवारी अर्धा-पाऊण तास डावपेचांची उजळणी. आपल्याकडे अनेकदा सामन्याच्या आदल्या दिवशीच कसून सराव घेतला जातो. साल्टिन यांच्या खेळाडूंची मध्यंतरालाच रिती झालेली गंगाजळी येथे आठवावी.

खुराक, पाणी आणि झोप

विश्रांती म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे. सामना संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत स्नायू साखर विशेष वेगाने साठवितात. म्हणून या काळात दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ मिळावेत, असे तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या खेळाडूला याचा अर्थ दोन केळी आणि चिक्कीची एक-दोन वडी असा होतो. सामन्याचा आदला दिवस, सामन्याचा दिवस आणि त्यानंतरचा दिवस या तीन दिवशी किलोमागे सहा ते आठ ग्रॅम, म्हणजे या खेळाडूला दिवसाकाठी ३६० ते ४८० ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून सुमारे ४० ग्रॅम मिळतात. भात, पोहे, उकडलेले बटाटे, रताळी, गूळ यांनी उरलेली भरपाई सहज होते. स्नायूंच्या डागडुजीसाठी प्रत्येक जेवणात वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने हवीत. दोन अंडी आणि पेलाभर दूध, किंवा वाटीभर मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि दूध एवढ्यात ती मिळतात. डब्यातील महागड्या भुकट्यांच्या जाहिराती पाहून घरखर्चाला कात्री लावणाऱ्या पालकांनी हा हिशेब जरूर मांडून पाहावा.

पाण्याच्या बाबतीत वजनाचा काटा हाच खरा सल्लागार. सामन्यापूर्वी आणि नंतर वजन करावे. जितके किलो घटले असेल, त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढील काही तासांत थोडे थोडे करून प्यावे. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात खेळताना दोन लिटरपर्यंत घाम जाणे अवघड नाही. घामाबरोबर मीठही जाते, त्यामुळे मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ताक येथे उत्तम. सन २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकात कडक उन्हामुळे पंचांनी खेळ थांबवून खेळाडूंना पाणी पिण्याची मुभा दिली होती. दुपारी चारच्या उन्हात शालेय सामने भरविणाऱ्या संयोजकांनीही ती द्यावयास हरकत नसावी.

झोपेइतके स्वस्त आणि झोपेइतके दुर्लक्षित औषध दुसरे नाही. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. लॉस एंजेलिसमधील शालेय खेळाडूंच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. पहाटे साडेपाचला मैदान, दिवसभर शाळा, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री बारापर्यंत हातात मोबाईल, असा दिनक्रम असलेल्या मुलाकडून वेगाची अपेक्षा करणे म्हणजे न पेरलेल्या शेतात कापणीला जाणे होय. तालमीतील दुपारची झोप शाळकरी मुलाला मिळणार नाही, हे खरे. पण पहाटेचा सराव तासभर उशिरा घेणे बहुतेक शाळांना शक्य आहे.

मालीश, बर्फाचे पाणी आणि तत्सम उपायांविषयी मात्र मत थोडे जपून द्यावे लागते. सामन्यानंतरच्या दुखण्याला लॅक्टिक आम्ल कारण असते आणि मालीशने ते ‘निघून जाते’, असे आजही सर्रास सांगितले जाते. वस्तुतः रक्तातील ते वाढलेले प्रमाण तासाभरात आपोआप पूर्ववत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारे दुखणे स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजांचे असते. मालीशने ते सोसण्याजोगे होते आणि खेळाडूला हलके वाटते, एवढा तिचा गुण खरा. दहा ते पंधरा अंश तापमानाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसल्यानेही दुखणे कमी जाणवते. सामने पाठोपाठ असतील तर त्याचा उपयोग आहे. परंतु बळाच्या व्यायामानंतर रोजच असे केले, तर स्नायूंची वाढच मंदावते, असे दिसून आले आहे. म्हणजे ज्या कामासाठी घाम गाळला, त्यावरच पाणी पडते. खुराक आणि झोप यांची घडी बसविल्यानंतर या उपायांकडे वळावे, त्याआधी नव्हे.

वाढीचे वय आणि मुलींचा खेळ

बारा ते पंधरा या वयात उंची झपाट्याने वाढते. हाडे लांबतात, स्नायू मागे राहतात आणि स्नायू जेथे हाडाला जोडलेले असतात तेथील कोवळ्या भागावर ओढ पडते. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखू लागते. ‘वाढीचे दुखणे आहे, खेळत राहा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. दुखणे वाढीचेच असते, पण ते उड्या आणि धावणे काही काळ कमी केल्यानेच शमते. मुलाने आठवड्याला आपल्या वयाच्या वर्षांहून अधिक तास संघटित खेळ खेळू नये, असा एक सोपा दंडक अमेरिकेतील क्रीडावैद्यांनी घालून दिला आहे. तेरा वर्षांच्या मुलाला तेरा तास. यात शाळेचा संघ, पेठेचा संघ आणि शिबिर हे सर्व एकत्र मोजावयाचे असते. तीन ठिकाणी खेळणाऱ्या मुलाचे तास आज कोणीच मोजत नाही, कारण तिन्ही प्रशिक्षकांना आपापलाच सराव ठाऊक असतो.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी अधिक जपावयाच्या आहेत. गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाला इजा होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत दुपटीहून अधिक आढळते. वर सांगितलेला वीस मिनिटांचा कार्यक्रम त्यांच्यासाठी म्हणूनच अनिवार्य मानावा. दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१९-२१ या काळात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयी होत्या. रक्तातील हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना पोहोचणारा प्राणवायू कमी. अशा मुलीला कितीही पळविले तरी तिचा दमसास वाढणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी साधी रक्ततपासणी ही तिच्या प्रशिक्षणाची पहिली पायरी ठरते. नवी मुंबईच्या मैदानावर ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. ते पाहून गावोगावच्या ज्या मुलींनी बूट बांधले, त्यांच्यासाठी हे सांगणे अगत्याचे आहे.

दुखणे लपविण्याची रीत

भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील एक तेजस्वी प्रसंग १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतील आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील संघातील बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला साखळी सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. तरीही रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीवर खेळविले आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्यांनी गोल केला. भारताने तो सामना २-१ असा जिंकून सुवर्णपदक मिळविले. या पराक्रमापुढे आजही मान लवते. पण त्याच प्रसंगातून ‘खरा खेळाडू दुखणे सांगत नाही’ असा धडा घेतला गेला, तो घातक आहे. आज खेळाच्या नियमांनीच बाजू बदलली आहे. डोक्याला मार लागून भोवळ आल्याची शंका असलेल्या खेळाडूऐवजी नेहमीच्या बदली खेळाडूंखेरीज आणखी एक खेळाडू उतरविण्याची मुभा स्पर्धा संयोजकांना देणारी तरतूद २०२४ पासून नियमावलीत आली आहे. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परतू शकत नाही.

राज्यात सुविधा वाढत आहेत, हे खरे. पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळला. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी ‘मिशन वन मिलियन’ उपक्रमात राज्यभरातील शाळांच्या मैदानांवर मुले चेंडू घेऊन उतरली. परंतु प्रबोधिनीत पोहोचणारी मुले थोडी. बाकीच्यांना वैद्य किंवा यंत्रे मिळावयास वेळ लागेल. त्यांच्या शाळेतील शिक्षकाला आजच करता येण्याजोगी एक युक्ती अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली आहे आणि तिला लागते ती फक्त एक वही.

सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक मुलाला विचारावयाचे : आजचे श्रम शून्य ते दहा यांत किती? ‘सहा’ असे उत्तर आले आणि सराव साठ मिनिटांचा असेल, तर सहा गुणिले साठ, म्हणजे ३६० हा आकडा त्याच्या नावापुढे लिहावयाचा. सामन्याचाही आकडा याच रीतीने लिहावयाचा, मग तो कोणत्याही संघाकडून खेळलेला असो. शनिवारी आठवड्याची बेरीज करावयाची. गेले चार आठवडे बेरीज पंधराशेच्या आसपास असलेल्या मुलाची बेरीज एकदम पंचवीसशेवर गेली, किंवा नेहमीच्याच सरावाला तो सहाऐवजी नऊ म्हणू लागला, तर कारण विचारावे. झोप झाली का, पोटात काय गेले, आणखी कोठे खेळून आला का? सोमवारी तो मैदानावर आला की त्याच्या हाती चेंडू देण्याऐवजी त्याला दोन दिवसांसाठी घरी पाठवावे आणि तसे वहीत लिहून ठेवावे. वही शाळेच्या कपाटात न ठेवता पेठेच्या संघाच्या प्रशिक्षकालाही दर आठवड्याला दाखवावी.